प्रकृती आणि इतिवृत्त : विज्ञानकथा-मालिकांच्या प्रेक्षकमताचा इतिहास

दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथा-मालिकांची गणना वाङ्मयात करावी की नाही, याविषयी मतभेद संभवतो. परंतु या मालिकांच्या अनुरागी प्रेक्षकांनी गेल्या साठ वर्षांत त्यांतील लेखन व पात्रचित्रण यांविषयी जी मते मांडली, त्यांस समीक्षेचा एक स्वतंत्र संप्रदाय म्हणण्यास प्रत्यवाय नसावा. या संप्रदायास स्वतःची परिभाषा आहे, स्वतःची नियतकालिके आहेत, आणि जुन्या निर्णयांचा फेरविचार करण्याची परंपराही आहे. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील ‘स्टार ट्रेक’ आणि ब्रिटनमधील ‘डॉक्टर हू’ या दोन मालिकांच्या आधारे या प्रेक्षकमताचे स्वरूप तपासावयाचे असून, त्यातील कोणता भाग काळाच्या कसोटीस उतरला व कोणता उतरला नाही, हे पाहावयाचे आहे.

१

कादंबरीत पात्र एका लेखकाच्या मनात जन्मते आणि बहुधा त्याच्याच लेखणीने संपते. साप्ताहिक मालिकेत ही स्थिती पालटते. तेथे पात्र एक आणि लेखक अनेक असतात. लेखक बदलतात, निर्माते बदलतात, प्रसंगी नटही बदलतो. आणि तरीही पात्र तेच आहे असे प्रेक्षकाने मानावे, अशी अपेक्षा असते. मग या पात्राची एकता राहते कोठे? ती कोणत्याही एका लेखकापाशी नसते. ती नित्य पाहणाऱ्याच्या स्मृतीत असते. पुष्कळदा असे घडते की, चौथ्या वर्षी नव्याने आलेल्या लेखकापेक्षा पहिल्या दिवसापासून पाहणाऱ्या प्रेक्षकास त्या पात्राची माहिती अधिक असते. लेखकाची चूक दाखविण्याचा जो अधिकार हा प्रेक्षक स्वतःकडे घेतो, त्याचे मूळ येथे आहे.

विज्ञानकथेत या गोष्टीस विशेष महत्त्व येते. सामाजिक नाटकातील घटना खरी वाटते की नाही, हे बाहेरच्या जगाशी ताडून पाहता येते. परग्रहावरील राज्यव्यवस्था किंवा काळातून प्रवास करणारे यंत्र यांस ताडून पाहण्यास बाहेर काहीच नसते. आधीच्या भागांत जे दाखविले गेले तेच प्रमाण, आणि माणसाचा स्वभाव हे दुसरे प्रमाण, अशी दोनच साधने प्रेक्षकाच्या हाती उरतात.

यामुळे प्रेक्षकांच्या आक्षेपांचे सहजच दोन वर्ग पडतात. ‘हे पात्र असे वागणार नाही’ हा एक आणि ‘पूर्वी असे सांगितले नव्हते’ हा दुसरा. संस्कृत साहित्यशास्त्रात या भेदासाठी तयार शब्द आहेत. पात्राचा मूळ स्वभाव ती प्रकृती आणि कथेचा घटनाक्रम ते इतिवृत्त. प्रकृतीचा विपर्यय हा रसदोष मानला गेला आहे. उलट, परंपरेने आलेले इतिवृत्त रसास प्रतिकूल असेल तर कवीने ते बदलावे, अशी मोकळीक आनंदवर्धनाने नवव्या शतकातच ‘ध्वन्यालोका’त दिली आहे. कालिदासाचे उदाहरण सर्वपरिचित आहे. महाभारतातील दुष्यंत शकुंतलेस ओळखूनही नाकारतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप व अंगठी यांची योजना करून इतिवृत्त बदलले आणि नायकाची प्रकृती राखली. हा भेद हाती धरून पुढील इतिहास पाहिल्यास, वरवर गोंगाट वाटणाऱ्या मतांत एक व्यवस्था दिसू लागते.

२

या प्रेक्षकवर्गाची पूर्वपीठिका मुद्रित नियतकालिकांत आहे. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२६ साली अमेरिकेत ‘अमेझिंग स्टोरीज’ हे विज्ञानकथांचे मासिक काढले आणि वाचकांची पत्रे पत्त्यांसह छापण्याचा प्रघात पाडला. त्यायोगे वाचकांना एकमेकांचे ठिकाण कळले. ते परस्परांस लिहू लागले. १९३० साली ‘द कॉमेट’ हे वाचकांनी स्वतः काढलेले पहिले पत्रक निघाले आणि अशा पत्रकांस ‘फॅनझिन’ हे नाव १९४० साली लुई रसेल शोव्हने यांनी दिले. दूरचित्रवाणी घरोघरी पोचण्यापूर्वीच तिच्या भावी टीकाकारांची लेखनसंस्था अशा रीतीने सिद्ध झाली होती.

‘कॅनन’ हा शब्दही याच काळातील वारसा होय. मूळचा तो ख्रिस्ती धर्मसंस्थेचा शब्द. कोणते ग्रंथ प्रमाण मानावेत हे ठरविणारा. १९११ साली रोनाल्ड नॉक्स यांनी बायबलच्या चिकित्सकांची थट्टा करण्यासाठी शेरलॉक होम्सच्या कथांस त्याच पद्धतीची चिकित्सा लावून एक निबंध वाचला, आणि होम्सभक्तांनी ती थट्टा गंभीरपणे उचलली. त्यांच्याकडून हा शब्द विज्ञानकथेच्या रसिकांकडे आला. प्रमाणसंहिता कोणती, हा प्रश्न शब्दाबरोबरच आला. इतिवृत्ताविषयीच्या बहुतेक वादांचा उगम या एका शब्दात आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

३

‘स्टार ट्रेक’चे प्रक्षेपण ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाले. तिचे जनक जीन रॉडनबेरी यांनी लेखकांसाठी एक मार्गदर्शिका तयार केली होती. तिच्या आरंभीच एक परीक्षा आहे. शत्रूचा हल्ला होत असताना यानाचा कप्तान नियंत्रणकक्षात आपल्या सहकारी तरुणीस कवटाळतो, असा प्रसंग देऊन, यात चूक कोणती, असा प्रश्न लेखकास केला आहे. चूक यंत्रांच्या वर्णनात नाही किंवा अंतराच्या हिशेबात नाही. आजच्या युद्धनौकेवरील कप्तान असे करणार नाही, तर उद्याचाही करणार नाही, हे उत्तर आहे. प्रकृतीचे प्रमाण प्रेक्षकांनी बाहेरून लादले नव्हते. निर्मात्यानेच ते पहिल्या पानावर ठेवले होते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

प्रेक्षकांनी हे प्रमाण फार लवकर आत्मसात केले. १९६७ साली न्यूयॉर्क येथे ‘स्पॉकनेलिया’ हे या मालिकेस वाहिलेले पहिले फॅनझिन निघाले. स्पॉक हे पात्र अर्धे मानवी व अर्धे परग्रहीय. भावनेस आवर घालून तर्काने वागणारे. त्याच्या मनोरचनेची, भाषेची, कुलाचारांची चर्चा या चक्रमुद्रित पानांतून होऊ लागली. अशा पत्रिकांच्या लेखकवर्गात स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून पुष्कळ अधिक होते, ही बाब या मालिकेच्या प्रेक्षकमताचा विचार करताना विसरून चालणार नाही.

१९६७-६८च्या हिवाळ्यात मालिका बंद होणार अशी वार्ता पसरताच बिजो व जॉन ट्रिंबल या दांपत्याने पत्रांची मोहीम उभारली. एनबीसी या प्रक्षेपण-संस्थेकडे एक लाखाहून अधिक पत्रे आली. रॉडनबेरी यांचेही मोहिमेस आतून साहाय्य होते. अखेर १ मार्च १९६८ रोजी मालिका चालू राहील, असे संस्थेस प्रक्षेपणातूनच जाहीर करावे लागले. या यशाचे वर्णन वारंवार केले जाते. परंतु पत्रांच्या संख्येवरून प्रेम मोजता येते, मत मोजता येत नाही. मताची परीक्षा पुढेच होती.

इतक्या आटापिट्याने मिळविलेल्या तिसऱ्या वर्षाचा आरंभ २० सप्टेंबर १९६८ रोजी ‘स्पॉक्स ब्रेन’ या भागाने झाला. परकी स्त्री स्पॉकचा मेंदू चोरून नेते आणि त्याचे देह-यंत्र दूरनियंत्रकाने चालविले जाते, असे त्याचे संविधानक. बुद्धी हेच ज्याचे सर्वस्व, त्यास बाहुले करणाऱ्या या भागास प्रेक्षकांनी मालिकेतील अत्यंत हीन भागांत स्थान दिले, आणि ते स्थान आजतागायत ढळलेले नाही. हा निर्णय देणारे लोक मालिकेचे शत्रू नव्हते. तिच्यासाठी पत्रे लिहिणारेच होते.

याच वर्षीचे दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. डी. सी. फॉन्टाना या लेखिकेने डॉक्टर मॅकॉय या पात्राची तरुण कन्या जोॲना हिच्यावर एक कथा रचली होती. मॅकॉयचा विवाह मोडला असून त्यास मुलगी आहे, ही कल्पना मालिका घडविणाऱ्यांत पूर्वीपासून रूढ होती. नव्या निर्मात्यांच्या समजुतीप्रमाणे मात्र मॅकॉय कप्तान कर्कच्या वयाचा असल्याने त्यास वाढलेली मुलगी असणे शक्य नव्हते. कथेतील मुलगी जाऊन तेथे दुसऱ्या एका पात्राची पूर्वप्रेयसी आली. फॉन्टाना यांनी आपले नाव काढून घेतले व २१ फेब्रुवारी १९६९ रोजी ‘द वे टू ईडन’ हा भाग टोपणनावाने प्रक्षेपित झाला. ज्या संस्थेने पात्रास जन्म दिला तिचीच स्मृती तीन वर्षांत ढासळू शकते, असा याचा अर्थ. प्रेक्षकाची स्मृती ढासळत नाही, कारण ती कोणाच्या नोकरीवर अवलंबून नसते.

४

प्रकृतीचा प्रश्न सर्वांत तीव्रतेने उभा राहिला तो ६ एप्रिल १९६७ रोजी प्रक्षेपित झालेल्या ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर’ या भागामुळे. मूळ संहिता हार्लन एलिसन यांची. प्रक्षेपित संहिता अनेकांच्या हातून बदललेली. १९३० सालच्या न्यूयॉर्कमध्ये जाऊन पोचलेल्या कर्कचे एडिथ कीलर या समाजसेविकेवर प्रेम जडते. परंतु ती जगली तर इतिहासाचा ओघ बदलून दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचा जय होणार असतो. प्रक्षेपित भागात तिला वाचविण्यास धावणाऱ्या मॅकॉयला कर्क स्वतः अडवितो. एलिसन यांच्या मूळ संहितेत कर्कचे हातपाय गळतात, आणि करावयाचे ते स्पॉकला करावे लागते.

१९६८ साली अमेरिकेच्या लेखकसंघाने एलिसन यांच्या मूळ संहितेस पारितोषिक दिले. त्याच वर्षी विज्ञानकथेच्या जागतिक संमेलनातील सभासदांनी ह्यूगो पारितोषिकासाठी प्रक्षेपित भाग निवडला. एकाच कथेच्या दोन पाठांस दोन वर्गांकडून सन्मान मिळाला : व्यावसायिक लेखकांकडून लेखकाच्या पाठास, आणि रसिकांकडून पडद्यावरील पाठास. अर्थात ही रसिकांनी केलेली तुलना नव्हती. मूळ संहिता त्यांच्यापुढे त्या वेळी आलेलीच नव्हती. ती १९७६ साली एका संग्रहात व पुढे १९९६ साली स्वतंत्र पुस्तकरूपाने आली, आणि खरा वाद तेव्हा रंगला. मूळ पाठ वाङ्मयदृष्ट्या सरस आहे, हे पुष्कळांनी मान्य केले. तथापि त्यातील कर्क हा त्यांचा कर्क नव्हे, हा आक्षेपही तितक्याच आग्रहाने मांडला गेला. एलिसन यांचे म्हणणे असे की, प्रेमापुढे जो क्षणभरही कोसळत नाही तो माणूस खोटा. रसिकांचे म्हणणे असे की, तो इतर कोणी माणूस असता तर हे खरे होते.

प्रकृतीच्या नावाने अन्यायही होऊ शकतो, हेही याच प्रकरणात दिसते. एलिसन यांनी यानाचा अभियंता स्कॉट यास अमली पदार्थ विकताना दाखविले होते, असे रॉडनबेरी पुढे अनेकदा सांगत. वस्तुतः संहितेतील तो विक्रेता बेकविथ नावाचे वेगळेच पात्र होते. पात्राच्या शीलास धक्का लागला, हा आरोप रसिकांपुढे इतका परिणामकारक ठरतो की, पुष्कळांना त्याची शहानिशा करण्याची गरजही भासत नाही.

रसिकांनी हे प्रमाण केवळ व्यावसायिक लेखकांस लावले असे नाही. ते त्यांनी स्वतःसही लावले. १९७३ साली पॉला स्मिथ यांनी ‘मिनॅजरी’ या फॅनझिनमध्ये एक अगदी लहान विडंबन लिहिले. साडेपंधरा वर्षांची, नौदलातील सर्वांत लहान अधिकारी मेरी सू यानावर येते. सर्वांस जिंकते, सर्वांस वाचविते आणि सर्वांच्या शोकात मरण पावते. हौशी लेखिकांच्या कथांतून अशा नायिकांचा सुळसुळाट झाला होता. अशी नायिका स्वतः निर्दोष असते हा तिचा मुख्य दोष नव्हे; ती आली की कर्क कर्क राहत नाही आणि स्पॉक स्पॉक राहत नाही, हा मुख्य दोष. एका विशेषनामाचे सामान्यनाम झाले आणि ‘मेरी सू’ ही संज्ञा इंग्रजी समीक्षेत रुळली. १९८७ साली सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’मधील वेस्ली क्रशर या अतिबुद्धिमान मुलासही ती लावली गेली, वेस्ली हे रॉडनबेरी यांचेच मधले नाव होते. पुढे मात्र कोणत्याही कर्तबगार स्त्रीपात्रास हे नाव चिकटविण्याची प्रथा पडली. संज्ञा पसरते तशी तिची धार बोथट होते, हा भाषेचा सर्वसाधारण नियम येथेही प्रत्ययास येतो.

५

‘डॉक्टर हू’ ही मालिका बीबीसीने २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू केली. तिचा नायक प्रसंगी देह पालटतो; नट बदलला तरी पात्र तेच राहते. प्रकृती व देह यांतील भेद या मालिकेने आपल्या रचनेतच गृहीत धरला आहे.

१९७६ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रॉबर्ट होम्स यांची ‘द डेडली असॅसिन’ ही चार भागांची कथा प्रक्षेपित झाली. नायकाचे जातभाई जे टाइम लॉर्ड, ते १९६९ च्या ‘द वॉर गेम्स’मध्ये जवळजवळ सर्वशक्तिमान दिसले होते. होम्स यांनी ते कुरबुरी करणारे, सत्तेसाठी डाव टाकणारे वृद्ध म्हणून रंगविले, आणि देहांतरास बारा वेळांची मर्यादा घातली. या कथेवर दोन बाजूंनी टीका झाली. मेरी व्हाइटहाउस यांच्या प्रेक्षकसंघटनेने नायकास पाण्यात बुडविण्याच्या दृश्यातील हिंसेस हरकत घेतली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या रसिक-संस्थेचे अध्यक्ष जान व्हिन्सेंट-रुड्झकी यांची हरकत निराळी होती : मालिकेची जादू हरवली, टाइम लॉर्ड असे नव्हतेच, लेखकास पूर्वकथा ठाऊक नाही.

पहिली हरकत नीतीची, दुसरी निव्वळ इतिवृत्ताची. या दुसऱ्या हरकतीचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. त्या काळी जुने भाग पुन्हा पाहण्याची सोय नव्हती. कित्येक भागांच्या फिती तर बीबीसीने पुसूनच टाकल्या होत्या. प्रेक्षकाचे प्रमाण म्हणजे त्याची आठवण, आणि आठवण सोयीचे तेच जपते. १९८० नंतरच्या दशकात चित्रफिती घरोघरी आल्यावर कथा पुन्हा पाहिली गेली आणि निर्णय उलटला. आज तिची गणना मालिकेच्या उत्तम कथांत होते. इतकेच नव्हे, तर ज्या बारा देहांतरांच्या मर्यादेने परंपरा मोडली असे म्हटले गेले, तीच मर्यादा पुढे परंपरा झाली आणि २०१३ सालच्या ‘द टाइम ऑफ द डॉक्टर’ या भागाचे संविधानक तिच्यावरच उभे राहिले.

याच्या उलट १९८४ च्या मार्चमधील उदाहरण घ्यावे. ‘द केव्ह्ज ऑफ अँड्रोझानी’ या होम्स यांच्याच कथेत डॉक्टर आपल्या पेरी या अल्पपरिचित सहप्रवासिनीस उरलेले एकमेव औषध देऊन स्वतः मरण पत्करतो. एका आठवड्याच्या आत सुरू झालेल्या ‘द ट्विन डायलेमा’मध्ये नव्या देहातील डॉक्टर त्याच पेरीचा गळा दाबतो. देहांतरानंतरचा भ्रम म्हणून हा प्रसंग योजिला होता आणि पात्र हळूहळू निवळत नेण्याचा निर्मात्यांचा हेतू होता. इतिवृत्ताच्या दृष्टीने यात काहीही विसंगत नव्हते. पंचवीस वर्षांनी, २००९ साली, ‘डॉक्टर हू मॅगझिन’ने तोवरच्या दोनशे कथांविषयी वाचकांचा कौल घेतला. पहिल्या क्रमांकावर ‘द केव्ह्ज ऑफ अँड्रोझानी’ आली आणि दोनशेव्या क्रमांकावर ‘द ट्विन डायलेमा’. २०१४ च्या कौलातही शेवटचा क्रमांक तिचाच राहिला. कनिष्ठ मानल्या गेलेल्या त्या कथेत इतरही दोष होते, हे खरे; परंतु तिच्याविषयीच्या लेखनात तो एक प्रसंग ज्या सातत्याने येतो, त्यावरून मूळ जखम कोणती हे स्पष्ट होते.

६

या इतिहासातील अखेरचे प्रकरण १९८६ साली सुरू होते. त्या वर्षी ‘द ट्रायल ऑफ अ टाइम लॉर्ड’ ही चौदा भागांची मालिका संपताच बीबीसीच्या ‘ओपन एअर’ या कार्यक्रमात काही तरुण रसिकांना लेखकांसमोर मत मांडण्याची संधी मिळाली. त्यांत ख्रिस चिब्नल हा सोळा वर्षांचा मुलगा होता. लेखन चाकोरीतले झाले आहे, हे त्याने पिप व जेन बेकर या लेखक-दांपत्यास स्पष्ट सांगितले. त्या लेखनामागची हकीकत त्यास माहीत असण्याचे कारण नव्हते. शेवटचे भाग लिहिता लिहिता रॉबर्ट होम्स यांचे निधन झाले होते. संहिता-संपादक एरिक सॉवर्ड यांनी राजीनामा देऊन आपला शेवट परत घेतला होता. आणि तो शेवट न वाचता बेकर दांपत्यास अवघ्या काही दिवसांत नवा शेवट लिहावा लागला होता.

पुढे चिब्नल लेखक झाले आणि २०१८ ते २०२२ या काळात या मालिकेचे सूत्रधारही. १ मार्च २०२० रोजी प्रक्षेपित झालेल्या ‘द टाइमलेस चिल्ड्रन’ या भागात त्यांनी डॉक्टरचे मूळच बदलले : तो टाइम लॉर्डांच्या कुळातला नसून अज्ञात ठिकाणाहून आलेले मूल आहे आणि त्याच्या देहांतरांस मर्यादा नाही. त्यांच्यावर आलेली टीका जुन्या शब्दांतलीच होती : पूर्वी असे सांगितले नव्हते, परंपरा मोडली. ज्या परंपरेच्या रक्षणासाठी ही टीका झाली तिच्यातील एक मोठा भाग म्हणजे १९७६ साली परंपरा मोडणारा म्हणून धिक्कारलेला होम्स यांचाच मजकूर होता.

या योगायोगावरून प्रेक्षकमत चंचल किंवा उपेक्षणीय ठरविणे योग्य होणार नाही. सोळाव्या वर्षीच्या त्या मुलाचे मत खोटे नव्हते. आणि बेकर दांपत्यावर आलेला प्रसंगही खोटा नव्हता. पडद्यापुढील माणसास फक्त फळ दिसते. ते कोणत्या अवर्षणात वाढले हे दिसत नाही. परंतु फळ आंबट आहे हे सांगण्याचा त्याचा अधिकार त्यामुळे नाहीसा होत नाही.

वरील विवेचनावरून एक मर्यादित निष्कर्ष काढता येतो. इतिवृत्तविषयक आक्षेप हे बहुधा सवयीचे आक्षेप असतात. एका पिढीने ज्यास भंग म्हटले त्यास पुढची पिढी प्रमाण म्हणते. प्रकृतिविषयक आक्षेप मात्र टिकतात. स्पॉकला बाहुले करणे १९६८ साली खटकले, ते आजही खटकते. मित्रासाठी मरणाऱ्याने मित्राचा गळा दाबणे १९८४ साली खटकले, ते तीस वर्षांनीही खटकले. आनंदवर्धनाने कवीस एका बाबतीत मोकळीक दिली आणि दुसऱ्या बाबतीत दिली नाही. ज्यांनी त्याचे नावही ऐकले नव्हते अशा प्रेक्षकांनी चक्रमुद्रित पानांवर, पत्रांतून आणि मतदानातून हळूहळू तोच निवाडा दिला. पात्र कोणाच्या मालकीचे, या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर प्रक्षेपण-संस्थेपाशी असेल. परंतु लेखक गेले, निर्माते गेले, नट गेले, तरी ते पात्र कसे वागणार नाही हे जो ओळखतो, त्याच्यापाशीच ते राहते.